संस्थेचे संकेतस्थळ कोणाच्या हाती? मुक्त स्रोत आणि स्वामित्वाधीन आशय-प्रणाली : एक अभ्यास

प्रास्ताविक

शिक्षणसंस्थेचे आयुष्य तिच्या इमारतींइतकेच तिच्या नोंदींत साठलेले असते. शाळेचे जनरल रजिस्टर हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पन्नास वर्षांपूर्वी कोणा लिपिकाने शाईने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाच्या जात पडताळणीला आधार देते, कोणाची जन्मतारीख सिद्ध करते, कोणाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळवून देते. म्हणूनच कोणतीही जबाबदार संस्था आपले जनरल रजिस्टर दुसऱ्याच्या कपाटात ठेवत नाही आणि त्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहू देत नाही.

गेल्या दोन दशकांत संस्थेच्या स्मृतीचा मोठा भाग कागदावरून संगणकावर आला. प्रवेशाच्या सूचना, निकाल, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, माजी विद्यार्थ्यांचे लेख, देणगीदारांची नामावली हे सारे आता संस्थेच्या संकेतस्थळावर असते. परंतु रजिस्टराच्या बाबतीत जी दक्षता आपण सहज घेतो, ती संकेतस्थळाच्या बाबतीत क्वचितच घेतली जाते. संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर उभे आहे, तिची किल्ली कोणाकडे आहे आणि उद्या जागा बदलावी लागली तर आतील सामान बाहेर काढता येईल काय, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार केला आहे. वाचकांपैकी अनेकांचा संगणकशास्त्राशी संबंध नसेल, हे ध्यानात घेऊन मूळ संकल्पनांपासून आरंभ केला आहे.

आशय-प्रणाली म्हणजे काय?

प्रारंभीच्या काळात संकेतस्थळाचे प्रत्येक पान संगणकाच्या सांकेतिक भाषेत हाताने लिहावे लागे. सुट्टीची एक सूचना बदलायची असली तरी जाणकार माणसाची वाट पाहावी लागे. या अडचणीतून आशय व्यवस्थापन प्रणाली जन्मास आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीएमएस असे म्हणतात. या प्रणालीत मजकूर, छायाचित्रे आणि पानांची मांडणी वेगवेगळी साठविलेली असते. शिक्षक किंवा लिपिक परवलीचा शब्द वापरून आत जातात, सूचना टंकित करतात, बटण दाबतात आणि मजकूर ठरलेल्या मांडणीत प्रकाशित होतो. सांकेतिक भाषेचे ज्ञान त्यासाठी आवश्यक राहत नाही.

या प्रणालींचे दोन मुख्य वर्ग आहेत. ज्या प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांस पाहता येते, वापरता येते, बदलता येते आणि बदललेली प्रत इतरांना देता येते, ती मुक्त स्रोत प्रणाली होय. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला ही तिची सुपरिचित उदाहरणे. याउलट ज्या प्रणालीची संहिता एका कंपनीच्या मालकीची असते आणि ग्राहकाला केवळ ठरावीक अटींवर वापराचा परवाना मिळतो, ती स्वामित्वाधीन प्रणाली होय. मोठ्या उद्योगांसाठी असलेल्या अॅडोबी एक्सपिरियन्स मॅनेजर व साइटकोअर, तसेच लहान ग्राहकांसाठी मासिक अथवा वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या विक्स व स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवा या वर्गात मोडतात.

दोहोंमधील भेद प्रामुख्याने परवान्याचा आहे. प्रणाली किती देखणी आहे, किती जलद चालते, यावरून ती कोणत्या वर्गातील आहे हे सांगता येत नाही. हक्क कोणाकडे आहे, यावरून ते ठरते.

थोडा इतिहास

सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणक-प्रणाली कोणत्याही हेतूने चालविण्याचे, तिचा अभ्यास करून ती बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेली प्रत इतरांस देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्यास असावे, ही त्यामागील भूमिका होती. याच विचारातून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना तयार झाला. या परवान्याखालील संहिता बदलून जो कोणी तिचे वितरण करील, त्याने बदललेली संहिताही त्याच अटींवर इतरांस उपलब्ध करून द्यावी, अशी त्याची मुख्य अट आहे. जे वाटून मिळाले ते पुढेही वाटत राहावे, असा त्याचा आशय. ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा मात्र १९९८ मध्ये रूढ झाली.

बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे तत्कालीन विद्यार्थी द्रीस बायटार्ट यांनी जानेवारी २००१ मध्ये ड्रुपल मुक्त केले. २७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती शून्यातून निर्माण झालेली नव्हती. बी-टू नावाच्या एका प्रणालीचे काम थंडावले होते. तिची संहिता जीपीएलखाली मुक्त असल्यामुळे या दोघांना ती उचलून पुढे नेता आली. आज जगातील एकूण संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात.

जूमलाची कथा याहून बोधप्रद आहे. मॅम्बो नावाच्या प्रणालीच्या नियंत्रणावरून ऑस्ट्रेलियातील मूळ कंपनी आणि प्रत्यक्ष काम करणारे विकासक यांच्यात मतभेद झाले. ऑगस्ट २००५ मध्ये विकासकांचा मुख्य गट बाहेर पडला आणि त्याच संहितेच्या आधारे सप्टेंबरमध्ये त्यांनी जूमलाची पहिली आवृत्ती आणली. हे नाव स्वाहिली भाषेतील ‘जुमला’ या शब्दावरून घेतले आहे. सारे मिळून, एकत्र, असा त्याचा अर्थ. अरबीतून आलेला हाच शब्द आपल्या जुन्या हिशेबी मराठीत ‘एकूण’ या अर्थाने वापरला जात असे, ही गोष्ट मराठी वाचकास कौतुकाची वाटेल.

या दोन्ही उदाहरणांतून मुक्त स्रोताचे खरे बळ दिसते. चालक थांबला अथवा भांडण झाले, तरी संहिता मरत नाही. दुसरा कोणी तिला पुढे नेऊ शकतो.

चार प्रचलित गैरसमज

पहिला गैरसमज असा की, मुक्त स्रोत म्हणजे फुकट. परवान्याचे शुल्क नसते हे खरे. परंतु संकेतनामाचे, म्हणजे डोमेनचे, वार्षिक शुल्क, सर्व्हरवरील जागेचे भाडे, काही जोड-प्रणालींची किंमत आणि देखभाल करणाऱ्या माणसाचे मानधन हे खर्च राहतातच. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीचे उदाहरण पाहावे. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. आठव्या आवृत्तीपासून रचना इतकी बदलली होती की, अनेक संस्थांना आपले संकेतस्थळ जवळजवळ नव्याने उभारावे लागले. संहिता मुक्त होती, पण श्रम मुक्त नव्हते.

दुसरा गैरसमज असा की, संहिता सर्वांस दिसते म्हणून ती असुरक्षित असते. वस्तुतः संहिता उघडी असल्यामुळे दोष शोधणारे आणि दुरुस्त करणारेही पुष्कळ असतात. धोका बहुतांशी दुरुस्ती वेळेवर न करण्यात असतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधील एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्यावरील दुरुस्तीही त्याच दिवशी उपलब्ध झाली. तथापि त्याच महिन्याच्या अखेरीस ड्रुपलच्या सुरक्षा गटाने इशारा दिला की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ भेदले गेले आहे असेच गृहीत धरावे. सात तास म्हणजे शाळेचा एक दिवस! ज्या संस्थेत अद्ययावतीकरणाची जबाबदारी कोणाच्याही नावे नाही, तिने या घटनेचा अवश्य विचार करावा.

तिसरा गैरसमज असा की, पैसे मोजले म्हणजे सेवा कायम राहते. याहूने जिओसिटीज ही एकेकाळची अत्यंत लोकप्रिय सेवा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केली आणि असंख्य लोकांनी हौसेने घडविलेली पाने नाहीशी झाली. ती सेवा बव्हंशी विनामूल्य होती, असे कोणी म्हणेल. परंतु अॅडोबीने बिझनेस कॅटॅलिस्ट ही सशुल्क सेवाही बंद करण्याची घोषणा २०१८ मध्ये केली आणि वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांना दुसरे घर शोधावे लागले. कंपनीने मुदत दिली होती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही निर्णय ग्राहकाच्या हाती नव्हता.

चौथा गैरसमज मुक्त स्रोताच्या पुरस्कर्त्यांचा आहे. संहिता मुक्त असली म्हणजे सत्तेचा प्रश्न उरत नाही, असे त्यांस वाटते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात तीव्र वाद झाला. ज्या केंद्रीय संकेतस्थळावरून जोड-प्रणाली आणि त्यांच्या दुरुस्त्या मिळतात, त्यावरील त्या कंपनीचा प्रवेशच रोखण्यात आला. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील न्यायालयाने तो पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. या वादाच्या काळात त्या कंपनीच्या सामान्य ग्राहकांची मात्र कुचंबणा झाली. तात्पर्य, संहिता मुक्त असली तरी तिच्या वितरणाचा मार्ग एकाच दारातून जात असेल, तर त्या दाराचीही चौकशी करावी.

मराठी टंकांचा धडा

हा प्रश्न आपणांस परका नाही. स्मरणिका, वार्षिक अंक, हस्तपत्रिका यांच्या छपाईशी ज्यांचा संबंध आला, त्यांनी तो वेगळ्या रूपात अनुभवला आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत जुळविला जाई. प्रत्येक टंकाची अंतर्गत सांकेतिक व्यवस्था वेगळी असे. एका टंकात जुळविलेला लेख दुसऱ्या संगणकावर उघडला की, अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. लेख आपला, भाषा आपली, परंतु तो वाचण्याची किल्ली मात्र टंक बनविणाऱ्याची. अशा कितीतरी धारिका आजही जुन्या तबकड्यांवर निरुपयोगी होऊन पडल्या आहेत.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. पुढे संगणक व भ्रमणध्वनी यांनी ते खुले मानक स्वीकारले आणि मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर सुखरूप जाऊ लागला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टंक विकत घेण्यात दोष नव्हता. टंक बदलला तरी मजकूर वाचता येईल अशी सोय नव्हती, हा दोष होता. आशय-प्रणालीच्या निवडीतही हीच कसोटी लावावी लागते. मजकूर खुल्या, सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतो काय?

या कसोटीवर प्रणालींमधील फरक स्पष्ट होतो. वर्डप्रेसमधून लेख व पाने एका धारिकेत निर्यात करता येतात. मात्र त्या धारिकेत छायाचित्रे नसतात, त्यांचे केवळ दुवे असतात. म्हणून छायाचित्रांचा संग्रह आणि विदागार यांची प्रत स्वतंत्रपणे घ्यावी लागते. स्क्वेअरस्पेसमधून मजकुराचा काही भाग निर्यात होतो. विक्सवर बांधलेले संकेतस्थळ मात्र तसेच्या तसे उचलून दुसऱ्या सर्व्हरवर चालविता येत नाही. ही माहिती त्या सेवा स्वतःच देतात. ग्राहकाने ती आधी वाचावी, एवढेच.

शासनसंस्थांचा अनुभव

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. शासकीय कामासाठी प्रणाली घेताना मुक्त स्रोत पर्यायास प्राधान्य द्यावे आणि तो न स्वीकारल्यास कारण नोंदवावे, असा त्याचा रोख आहे. शासकीय माहितीसाठ्यांसाठी उभारलेले डेटा डॉट जीओव्ही डॉट इन हे व्यासपीठ ड्रुपलच्या आधारे घडविले गेले. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह डीस्पेस या मुक्त प्रणालीवर चालतो.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे, म्हणजे व्हाइट हाउसचे, संकेतस्थळ ऑक्टोबर २००९ मध्ये स्वामित्वाधीन प्रणालीवरून ड्रुपलवर आणि डिसेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेसवर नेण्यात आले. दोन भिन्न पक्षांच्या राजवटींनी मुक्त स्रोतच निवडला. प्रणाली मात्र बदलली. मोठ्या यंत्रणांनाही काही वर्षांनी घर बदलावे लागते, हा यातून घेण्याचा बोध. कोणतीही प्रणाली कायमची नसते. म्हणून निवड करतानाच बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी.

स्वामित्वाधीन प्रणाली केव्हा योग्य?

समतोल विचारासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या संस्थेत तांत्रिक जाण असलेली एकही व्यक्ती नाही, तिने स्वतःच्या सर्व्हरवर मुक्त प्रणाली बसवून दोन वर्षे अद्ययावत न करणे, यापेक्षा वर्गणीची सेवा घेणे पुष्कळदा सुरक्षित असते. तेथे दुरुस्त्या, प्रती आणि सर्व्हरची देखभाल कंपनी पाहते. अमृतमहोत्सवासारख्या एका वर्षाच्या कार्यक्रमासाठी तात्पुरते स्थळ हवे असेल, तर तीच सोय पुरेशी होते. मोठ्या उद्योगांना लेखी सेवा-करार आणि निश्चित उत्तरदायित्व हवे असते. तेही स्वामित्वाधीन कंपन्या देतात.

एक मधला मार्गही आहे. मुक्त प्रणाली वापरायची, पण तिची देखभाल शुल्क देऊन व्यावसायिकाकडे सोपवायची. वर्डप्रेस स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते, तसेच वर्डप्रेस डॉट कॉम या सेवेवर वर्गणी भरूनही वापरता येते. तेथील मजकूर पुढे दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत असल्यामुळे परावलंबन मर्यादित राहते. बहुतेक शिक्षणसंस्थांना हा मधला मार्गच मानवेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

कार्यकारिणीच्या बैठकीत पुढील प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत.

१. संकेतनाम कोणाच्या नावे आहे? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. पुष्कळदा संकेतस्थळ बनवून देणारा व्यावसायिक सोयीसाठी ते स्वतःच्या नावे नोंदवितो आणि संबंध संपले की संस्थेचे नावच अडकून पडते. नोंदणी संस्थेच्या नावे, संस्थेच्या ईमेलवर असावी. शिक्षणसंस्थांना ईआरनेट इंडियाकडून शैक्षणिक संकेतनामही घेता येते.

२. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द किती जणांकडे आहे? एकाकडेच असेल तर तो गावी गेला, निवृत्त झाला किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, तर काय? किमान दोन पदाधिकारी असावेत.

३. सर्व मजकूर व छायाचित्रे खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय? ते एकदा प्रत्यक्ष करून पाहिले आहे काय?

४. दुरुस्त्या कोण करणार, किती दिवसांनी, आणि त्याचे मानधन कोणत्या खात्यातून?

५. मराठी युनिकोड मजकूर, शोध आणि भ्रमणध्वनीवरील वाचन नीट चालते काय? वर्डप्रेसचे व्यवस्थापन पटल मराठीत निवडता येते. त्यामुळे इंग्रजीचा संकोच असलेल्या कर्मचाऱ्यासही काम शिकता येते.

६. पहिल्या वर्षाचा नव्हे, पाच वर्षांचा एकूण खर्च किती?

७. काम सोडून जाणाऱ्या व्यावसायिकाने कोणत्या वस्तू संस्थेच्या स्वाधीन करावयाच्या, हे लेखी आहे काय?

विद्यार्थ्यांच्या माहितीचे दायित्व

निवासी विद्यालयाच्या बाबतीत एक प्रश्न अधिक नाजूक आहे. येथील मुले घरापासून दूर राहतात. पालकांनी त्यांना संस्थेच्या विश्वासावर सोपविलेले असते. मुलांची नावे, छायाचित्रे, गाव, जात, आर्थिक स्थिती ही माहिती प्रदर्शनाची वस्तू नव्हे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती ही सर्वसाधारण अट आहे. शिष्यवृत्तीधारकांची यादी कौतुकाने प्रसिद्ध करताना आपण एखाद्या कुटुंबाची गरिबी जगजाहीर करीत नाही ना, हे पाहावे. जनरल रजिस्टर तर संकेतस्थळावर कदापि ठेवू नये. प्रणाली मुक्त असावी. मुलांची माहिती नव्हे.

माजी विद्यार्थी व पालकांचा वाटा

संस्थेपाशी पैसा मर्यादित असतो, पण माणसे असतात. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज संगणक क्षेत्रात आहेत. त्यांनी एकेकट्याने ‘मी करून देतो’ असे म्हणण्यापेक्षा तिघा-चौघांची तंत्र-समिती स्थापन करावी. कारण एकट्याचे औदार्य त्याच्या व्यापांसोबत संपते, समितीचे काम पुढे चालू राहते. नववी-दहावीच्या इच्छुक विद्यार्थ्यांना वर्डप्रेसवर सूचना लिहिणे, छायाचित्रांना ओळी देणे, अशी कामे शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकविता येतील. संहिता मुक्त असल्यामुळे जिज्ञासू विद्यार्थ्यास ती उघडून, वाचून, मोडून, पुन्हा जोडून पाहता येते. ही शिकण्याची संधी स्वामित्वाधीन प्रणाली देऊ शकत नाही आणि शाळेच्या दृष्टीने मुक्त स्रोताच्या बाजूने असलेले हे सर्वांत वजनदार कारण होय.

जुनी छायाचित्रे, वार्षिक अंक आणि पत्रव्यवहार यांच्या संग्रहासाठी ओमेका ही मुक्त प्रणाली उपयुक्त आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने ती घडविली आहे. प्रत्येक छायाचित्रासोबत वर्ष, स्थळ आणि प्रसंग यांची नोंद तीत ठेवता येते. छायाचित्रातील माणसे ओळखणारी पिढी आपल्यात आहे तोवरच ही नोंद पूर्ण होऊ शकेल. म्हणून या कामास विलंब परवडणारा नाही.

समारोप

मुक्त स्रोत की स्वामित्वाधीन, या प्रश्नाचे एकच उत्तर सर्व संस्थांना लागू पडत नाही. शिक्षणसंस्थेसाठी मुक्त प्रणाली, तिच्या देखभालीची लेखी व्यवस्था आणि संस्थेच्या नावे असलेले संकेतनाम ही त्रयी सर्वसाधारणपणे हितकारक ठरते, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. परंतु प्रणाली कोणतीही असो, वर्षातून एकदा, शक्यतो शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढावी, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि एक प्रत जनरल रजिस्टर असलेल्या कपाटात ठेवावी. ती प्रत उघडली नाही, तर प्रणाली बदलण्याचा विचार त्याच दिवशी सुरू करावा.